न लिहिलेल्या चरित्राच्या टेप

मंडळी, चरित्रकार म्हटलं की आधी त्याचं पुस्तक आठवतं. आज ज्याच्याविषयी बोलायचंय त्याने चरित्र लिहिलंच नाही. कॉलिन एडवर्ड्स, मूळचा वेल्सचा, पेशाने पत्रकार, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला. वेल्सचा, पण इंग्रजीत लिहिणारा कवी डिलन थॉमस १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये वारला, वय अवघं ३९. त्याचं चरित्र लिहायचं एडवर्ड्सच्या मनात होतं. टेपरेकॉर्डर घेऊन त्याने शंभराहून जास्त माणसांना बोलतं केलं: घरचे, शेजारी, शाळासोबती, डिलनच्या गावातल्या, वेल्समधल्या स्वानसीच्या वर्तमानपत्रातले सहकारी. १९६५ मध्ये फिट्झगिबन या दुसऱ्या लेखकाचं चरित्र बाजारात आलं, एडवर्ड्सचं राहूनच गेलं. १९९४ मध्ये तो वारला आणि टेप अॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात पोचल्या. डेव्हिड थॉमस नावाच्या अभ्यासकाने २००३ आणि २००४ मध्ये त्यांचे दोन खंड संपादित केले.

तुम्हाला पटो न पटो, पुस्तक झालं नाही ते बरंच झालं असं मला वाटतं. चरित्र लिहिताना त्याने प्रत्येकाच्या तासाभराच्या बोलण्यातून कामाची दोन वाक्यं उचलली असती. बाकीचं गेलं असतं रद्दीत. आता माणसं त्या खंडांत स्वतःच्या चालीने बोलतात, भरकटतात, मध्येच दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगायला लागतात.

कवीची आई फ्लॉरेन्स हिच्याशी तो बोलला १९५८ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. त्याआधी तिने काय सोसलं होतं पाहा. डिसेंबर १९५२ मध्ये नवरा गेला. एप्रिल १९५३ मध्ये थोरली मुलगी नॅन्सी गेली. कॅन्सरने वारली ती आपल्या मुंबईत. नोव्हेंबरात डिलन. वर्षाच्या आत तीन माणसं. अशा आईकडे मुलाच्या दारूचा हिशेब कोण मागणार? आणि मागितला तरी ती देईल? तिच्याकडे मागायचं ते बालपण. नवराबायको दोघंही वेल्श बोलणारे, पण मुलं वाढवली इंग्रजीत, वर डिलनला शुद्ध उच्चारांची शिकवणी. सुट्टी लागली की मात्र हाच मुलगा मावशीच्या फर्नहिलच्या शेतावर, वेल्श बोलणाऱ्या नातलगांत. इंग्रजीतल्या त्याच्या कवितेला जो कान आहे, तो कुठून आला हे शोधायचं तर त्या घरात आणि त्या शेतावरच जावं लागतं.

माझा आवडता साक्षीदार म्हणजे बर्ट ट्रिक. स्वानसीचा किराणा दुकानदार, डाव्या विचारांचा, कवितेचा नाद असलेला. १९३३ च्या वसंतात ट्रिक आणि अठरा वर्षांचा डिलन यांनी पैज लावल्यासारखं ठरवलं की अमरत्व या एकाच विषयावर दोघांनी कविता करायची. दुकानदाराची कविता पुढच्या वर्षी स्थानिक पेपरात छापून आली. डिलनने लिहिली ती ‘अँड डेथ शॅल हॅव नो डोमिनियन’. आता कुणी म्हणेल, म्हातारपणी दुकानदार स्वतःला कवितेच्या जन्माशी जोडून घेतोय. रास्त शंका आहे. पण डिलनच्या वह्या आज बफेलोच्या विद्यापीठात आहेत, त्यात ही कविता आहे आणि तिच्यावर एप्रिल १९३३ अशी नोंद आहे. मुलाखत आणि कागद एकमेकांना दुजोरा देतात, अशी जागा चरित्रकाराला क्वचितच मिळते.

उलट, ज्याला सगळं जग प्रमाण मानतं ते वाक्य पाहा. मरणाच्या काही दिवस आधी, चार नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलवर परतल्यावर डिलन म्हणाला, आत्ताच अठरा व्हिस्की घेतल्या, हा विक्रमच असावा. वाक्य खुद्द कवीचं. रूथवेन टॉड या त्याच्या मित्राने ‘व्हाइट हॉर्स’ गुत्त्यात चौकशी केली, तर मालक आणि बारवाला म्हणाले, त्याच्या निम्म्याहून जास्त घेणं शक्यच नव्हतं. शवविच्छेदनात न्यूमोनिया निघाला, मेंदूला सूज निघाली. यकृतावर चरबी होती, पण दारूने यकृत निकामी करणारा सिरॉसिस नव्हता. चार नोव्हेंबरलाच डॉक्टरने त्याला श्वास मंदावणारं मॉर्फिन अर्धा ग्रेन टोचलं होतं, म्हणजे साधारण तीस मिलिग्रॅम. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला! त्या पहाटे पीत बसलेल्या कवीने स्वतःबद्दल मारलेली फुशारकी आपण साक्ष म्हणून धरली, आणि काउंटरपलीकडे उभं राहून ग्लास भरणाऱ्याला विचारायचं मात्र फार थोड्यांना सुचलं.

म्हणून हे खंड हाती आले तर न्यूयॉर्कची पानं आधी उघडू नका. ती चटकदार आहेत, पण तिथली ओळख अखेरच्या तीनचार वर्षांची, आणि प्रत्येकाला स्वतःची बाजू सांभाळायची आहे. पहिल्या खंडापासून सुरुवात करा. तो १९३४ ला संपतो, डिलन विशीत असताना.