राष्ट्रपतींकडे पाठ करून

(दृश्य: ओली डांबरी सडक. पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं थरथरतायत. कॅमेरा हळूहळू वर जातो आणि पांढऱ्या हातमोज्यातल्या बॅटनवर, म्हणजे बँड-संचालकाच्या छडीवर, थांबतो.)

29 जानेवारी 2023. दिल्लीचा विजय चौक. पाऊस पडतोय, आणि दिल्लीतला जानेवारीचा पाऊस हाडात शिरतो. आसनांवर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, पंतप्रधान, तिन्ही दलांचे प्रमुख. आणि या सगळ्यांकडे पाठ करून एक माणूस उभा आहे.

एरवी सैन्यात हे खपत नाही. वरिष्ठांसमोर कसं उभं राहायचं, मान किती वळवायची, हात कुठवर न्यायचा, सगळ्याला नियम असतात. पण बँडच्या संचालकाला ही मोकळीक आहे, कारण तोंड वादकांकडे असल्याशिवाय त्याचं कामच होत नाही.

त्या संध्याकाळी बीटिंग रिट्रीटचे, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या सैनिकी बँडच्या कार्यक्रमाचे, प्रमुख संचालक होते हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट लैमापोकपम रूपचंद्र सिंग. फ्लाइट लेफ्टनंट म्हणजे पायदळातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा हुद्दा. अधिकाऱ्यांच्या शिडीवर बऱ्याच खालची पायरी. आणि त्यांच्या बॅटनखाली त्या दिवशी वाजवत होता भूदलाचा बँड, ज्याचे प्रमुख होते सुभेदार मेजर दिग्गर सिंग. सुभेदार मेजर हा हुद्दा कुणाला वशिल्यानं किंवा लवकर मिळत नाही. शिपाई म्हणून आत आलेल्या माणसाची निम्मी हयात त्यात जाते.

मान हुद्द्याला आणि अनुभवालाही. पण सूर कुणाचा ऐकायचा? त्या चौकात त्याचं उत्तर एकच असतं, बॅटन ज्याच्या हातात त्याचा.

(दृश्य: क्लॅरिनेटचं तोंड, अगदी जवळून. रीडवर पाण्याचा थेंब.)

पावसात बँडचं काय होतं ते जरा जवळून बघू. क्लॅरिनेटची रीड म्हणजे बोरूच्या जातीची पातळ, चपटी पट्टी. ती तोंडातल्या ओलाव्याला सरावलेली असते, पावसाला नाही. भोकांवर बसणारे पॅड पाणी पिऊन फुगतात आणि नीट मिटत नाहीत. पितळी वाद्यं थंडीनं गार पडली की त्यांचा सूर उतरतो. क्लॅरिनेट उतरतं एका मापानं, ट्रम्पेट दुसऱ्या, ट्यूबा तिसऱ्या. आणि या सगळ्यांनी मिळून एकच धून वाजवायची. त्या वर्षी अशा 29 धुना होत्या, सगळ्या भारतीय.

संचालकाला तिथं ओरडता येत नाही. त्याच्याकडे दोन हात, एक बॅटन आणि चेहरा एवढंच. कार्यक्रम पार पडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पावसाला जागा मिळाली. रीडचा उल्लेख कोण करणार?

(दृश्य: संचलन करणारा बँड. पुढे दंड फिरवणारा ड्रम मेजर.)

इथं एक गैरसमज दूर करून टाकू. सगळ्यांत पुढे, छातीवर पट्टा लावून, लांब दंड उंच फेकून झेलणारा जो रुबाबदार गडी दिसतो, त्यालाच आपण बँडमास्तर समजतो. तो ड्रम मेजर. बँड चालत असताना हुकूम त्याचा. दंड वर गेला, आडवा झाला, खाली आला, यातल्या प्रत्येक हालचालीला अर्थ असतो: वळा, थांबा, धून संपवा. बँड थांबून वाजवायला लागला की सूत्रं बँडमास्तरकडे किंवा संगीत संचालकाकडे जातात. मशकबीनवाल्यांचा, म्हणजे बॅगपाइपवाल्यांचा, आणखी वेगळा पाइप मेजर असतो. एका बँडमध्ये इतके कारभारी, आणि तरी भांडण नाही. आपल्या गणेश मंडळांनी शिकण्यासारखं आहे, पण तो विषय वेगळा.

(दृश्य: आकाशातून दिसणारं परेडचं मैदान. ठिपक्यांसारख्या तुकड्या.)

आता गणित. तेज चाल म्हणजे मिनिटाला साधारण 120 पावलं. अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे अर्ध्या सेकंदात 170 मीटर. मैदानाच्या एका टोकाला ढोल वाजला तर 170 मीटरवरच्या तुकडीला तो बरोबर एक पाऊल उशिरा ऐकू येतो. 85 मीटरवर उभे असाल तर अर्धं पाऊल उशिरा, आणि ते जास्त वाईट, कारण तुमचा पाय हवेत असताना ठोका कानावर पडतो.

म्हणून शेकडो वादकांचे बँड एकत्र वाजवतात तेव्हा मागच्या रांगेनं पुढच्यांचं ऐकायचं नसतं, बॅटनकडे बघायचं असतं. प्रकाशाला उशीर होत नाही. कानावर पोट भरणाऱ्या माणसाला 'ऐकू नकोस, बघ' असं सांगायचं आणि त्यानं ते ऐकायचं, यालाच तालीम म्हणतात. प्रजासत्ताक दिनाच्या कितीतरी आधीपासून, धुक्यात, हीच तालीम चाललेली असते.

(दृश्य: सातपुड्याच्या रांगा. वळणाचा घाट.)

असा माणूस तयार कुठं होतो? पंचमढीला. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातली माणसं नागद्वारच्या यात्रेला ज्या डोंगरात जातात, तिथंच लष्कराच्या शिक्षण विभागाचं केंद्र आहे आणि त्यात मिलिटरी म्युझिक विंग. 1950 साली, जनरल करिअप्पा सरसेनापती असताना, ही शाळा सुरू झाली.

पोरगा भरती होतो वादक म्हणून. कवायत, रायफल, धावणं हे सगळं इतरांसारखंच, वर वाद्य. पलटणीच्या बँडमध्ये काही वर्षं घासल्यावर ज्याचा कान आणि डोकं दोन्ही चालतं त्याला पुढच्या कोर्सला पाठवतात. तिथं स्वरलेखन, हार्मनी, एका धुनीचे वीस-पंचवीस वाद्यांसाठी वेगवेगळे कागद लिहिणं आणि बॅटन हातात घेऊन उभं राहणं शिकवतात. पुढे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. निवृत्तीच्या तोंडावर नशीब असेल तर 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या यादीत मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन. 2025 च्या बीटिंग रिट्रीटला भूदलाच्या बँडचे संचालक होते सुभेदार मेजर बिशन बहादूर, मानद कॅप्टन.

कमिशन मिळालेले संगीत अधिकारी मोजकेच. 2022 ला प्रमुख संचालक नौदलाचे कमांडर विजय चार्ल्स डिक्रूझ, 2024 ला भूदलाचे लेफ्टनंट कर्नल विमल जोशी, 2025 ला पुन्हा नौदलाचे कमांडर मनोज सबॅस्टियन. हुद्दे वेगवेगळे, काम तेच. बाकीचा सगळा डोलारा शिपायापासून वर आलेल्या सुभेदारांच्या खांद्यावर.

आणि लढाई लागली की? वाद्यं पेटीत जातात. पलटणीतले बँडवाले स्ट्रेचर उचलतात. जखमींना गोळीबारातून मागे आणायचं काम परंपरेनं त्यांचं. काल ज्याला 'सूर वर घे' म्हणून झापलं त्याला उद्या 'खाली वाक' म्हणून सांगायचं असतं.

(दृश्य: जुनं रेखाचित्र. तंबू, घोडे, पितळी वाद्यं.)

बँडमास्तर सैन्याच्याच शाळेत घडवायचे ही कल्पना इंग्रजांची, आणि तिचं मूळ एका फजितीत आहे. 1854. क्रिमियाचं युद्ध. तुर्कस्तानात स्कुटारीला राणीच्या वाढदिवसाची परेड. सगळ्या पलटणींच्या बँडनी एकत्र 'गॉड सेव्ह द क्वीन' सुरू केलं आणि लक्षात आलं, प्रत्येकाची पट्टी वेगळी! तोवर बँडमास्तर बहुधा बाहेरचा, पगारी, ज्याच्या त्याच्या मर्जीनं वाजवणारा. 1857 साली लंडनजवळ नेलर हॉलला सैन्याची संगीतशाळा निघाली ती या गोंधळानंतर. आपल्याकडे 'बँड वाजला' म्हणजे फजिती झाली. इंग्रजांनी ते शब्दशः करून दाखवलं.

(दृश्य: कृष्णधवल. हातात व्हायोलिन घेतलेला, टोपीतला माणूस.)

पण या व्यवसायातली सगळ्यांत विलक्षण कारकीर्द पंचमढीची नाही, नेलर हॉलचीही नाही. ती आहे राम सिंग ठाकुरी यांची.

जन्म 1914 चा, धर्मशाळेजवळच्या खनियारा गावचा. पोरवयातच गुरखा रायफल्समध्ये शिरले आणि बँडमध्ये वाढले. दुसऱ्या महायुद्धात पलटण मलायाला गेली, जपान्यांच्या हाती सापडली. युद्धकैदी राम सिंग आझाद हिंद सेनेत गेले आणि तिथं कॅप्टन झाले. नेताजींनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिलं. 'कदम कदम बढाये जा' ची चाल त्यांचीच. शब्द वंशीधर शुक्ल यांचे.

ती चाल जरा नीट ऐका. चालत चालतच गाता येईल अशी आहे. जिथं पाऊल पडतं तिथंच शब्दाचा जोर. श्वास घ्यायला जागा बरोबर दोन ओळींच्या मध्ये. पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला कुठं धाप लागते हे ठाऊक असलेल्यानंच ती बांधली आहे. मैफलीतल्या संगीतकाराला ते सुचलं नसतं, असं माझं मत.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लाल किल्ल्यावर त्यांच्या वाद्यवृंदानं वाजवलं. पण आझाद हिंदच्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतलं नाही. राम सिंग लखनौला गेले, उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाचा, पीएसीचा बँड त्यांनी उभा केला. 2002 साली लखनौलाच वारले.

चाल मात्र सैन्यात गेली. आज ती तरुण अधिकाऱ्यांच्या संचलनात वाजते, बीटिंग रिट्रीटला वाजते.

(दृश्य: मुंबई. गेटवे ऑफ इंडिया, संध्याकाळ. पांढऱ्या गणवेशातला बँड. मागे लाटा.)

नौदलाचा बँड बघायला मुंबईकरांना दिल्ली गाठावी लागत नाही. डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर बीटिंग रिट्रीट होतं, आणि कुलाब्याचं आयएनएस कुंजाली हे तर नौदलाच्या वादकांचं माहेर. या बँडच्या जुन्या याद्या चाळल्या तर गोव्याची आडनावं पावलोपावली भेटतात. कारण साधं आहे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकवायचे. 'मेस्त' म्हणून ओळखला जाणारा मास्तर, हातात छडी, समोर व्हायोलिन. वाचून वाजवणारा वादक हवा असेल तर इंग्रज काळापासून सगळे गोव्याकडेच बघत आले.

समुद्राच्या वाऱ्यात वाजवणं ही आणखी एक परीक्षा. वारा सूर उचलून नेतो, तेव्हा अनुभवी संचालक आधी वारा कुठून येतोय ते बघतो.

(दृश्य: स्वरलेखनाचे कागद. पेन्सिलीच्या खुणा.)

2022 साली बीटिंग रिट्रीटमधून 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन गेलं आणि तिथं 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. वाद झाला. महात्मा गांधींच्या आवडीचं भजन काढलं म्हणून काहींना वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. पण बँडमास्तरच्या टेबलावर प्रश्न वेगळा होता. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची ती चाल, 27 जानेवारी 1963 ला लता मंगेशकरांनी दिल्लीत पहिल्यांदा गायलेली. तिचा सगळा जीव मींडेत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात. ट्रम्पेटचा व्हॉल्व्ह दाबला की सूर उडी मारतो, घसरत नाही. मग काय करायचं? एक तर सुरावट क्लॅरिनेटकडे द्यायची, तिथं ओठांनी थोडं वळवता येतं. आणि लताबाई एका श्वासात जी ओळ घेतात ती शंभर जणांत वाटायची. कुणी कुठं श्वास घ्यायचा हे पेन्सिलीनं लिहून द्यायचं, म्हणजे सगळे एकदम थांबत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

(दृश्य: सूर्यास्त. विजय चौक. ध्वज खाली येतोय.)

शेवटी बिगूल वाजतो, ध्वज उतरतो. मग तो माणूस वळतो. संध्याकाळभर ज्यांच्याकडे पाठ होती त्या राष्ट्रपतींसमोर जाऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो. परवानगी मिळते, आणि प्रा. ए. लोबो यांनी संचलनासाठी बांधलेलं 'सारे जहाँ से अच्छा' वाजवत बँड रायसीना टेकडीकडे निघतात.

(दृश्य: पुणे, खडकवासला. एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, खेत्रपाल परेड मैदान. सकाळ.)

आणि वर्षातून दोनदा, पुण्यापासून तासाभरावर, आणखी एक पाठवणी होते. 'ऑल्ड लँग साइन' या निरोपाच्या स्कॉटिश गाण्याच्या संथ ठेक्यावर कॅडेट 'अंतिम पग', म्हणजे शेवटचं पाऊल, ओलांडतात. तीन वर्षं संपतात. पालक डोळे पुसतात, टोप्या हवेत उडतात, फोटोंची झुंबड उडते.

बँड अजून मैदानात आहे. बँडमास्तर बॅटन काखेत घेतो, मान हलवतो. एक ट्रॉम्बोनवाला वाद्य तिरकं करतो, टोकाची लहानशी चावी दाबतो. आत साठलेलं श्वासाचं पाणी गवतावर ठिबकतं.