पोटखराबातला कडा

नमस्कार मंडळी, राम राम.

तीनेक वर्षं झाली असतील. जानेवारीतली सकाळ होती आणि मामांचा फोन आला. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नडच्या पुढं, मामांचं साडेचार एकर रान आहे, आणि रानाच्या वरच्या अंगाला सरळसोट काळा कडा. फोनवरचा आवाज असा की मला वाटलं घरात कुणी गेलं की काय. म्हणाले, "बापू, मोजणीवाले येऊन गेले वाटतं. कड्यावर लाल बाण काढलेत अन् चकचकीत लोखंड ठोकलंय सहा-सात ठिकाणी. रस्ता चालला का काय आपल्या रानातून?"

फोटो मागवला. मी पंधरा वर्षं झाली कडे चढतो, बघितल्याबरोबर कळलं, बोल्ट होते ते, म्हणजे ड्रिलनं खडकाला भोक पाडून आत घट्ट बसवलेला खिळा, वर दोर अडकवायची पट्टी. शहरातली पोरं रविवारी येऊन नवा रूट तयार करून गेली होती, चढायचं कुठून ते पुढच्यांना कळावं म्हणून बाण. त्यांच्या दृष्टीनं लई चांगलं काम, स्वतःच्या खिशातून पैसे घालून केलेलं. आणि मामा दोन रात्री झोपले नव्हते.

आता हसू येतं, पण विचार करा. समृद्धी महामार्ग वैजापूर, गंगापूर, जालना करत गेला तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी काय बघितलं? आधी दगडावर रंग आला, मग खुंट्या आल्या, मग कागद आले. कुणाला पैसे बरे मिळाले, कुणाच्या भावाभावांत कोर्टकचेरी लागली, ते सोडा. पण रानातल्या दगडावर लाल रंग दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला तो यायलाच पाहिजे. तुम्ही खडकावर खूण करता तेव्हा तुमच्यासाठी तो चढायचा रस्ता असतो आणि खालच्या माणसाला वाटतं कुणीतरी हद्द कायम करून गेलं. मी त्या पोरांना नंतर शोधून काढलं, त्यांना हे सांगितलं तर ती गप्पच झाली, कारण हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलेलं नव्हतं. एक जण मात्र म्हणाला, "दादा, पण ती जागा तर पडीक आहे ना, तिथं काही पिकत नाही."

आज मला बोलायचंय ते याच वाक्यावर.

सातबारा ज्यांनी हातात धरलाय त्यांना माहितीय, त्यात लागवडीच्या क्षेत्राखाली पोटखराब म्हणून एक ओळ असते, आणि तिच्यात अ आणि ब असे दोन भाग. ब म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, सार्वजनिक वापराची जागा. अ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक, आकारणी नाही, पण मालकी पक्की. मामांचा कडा अ मध्ये येतो. म्हणजे त्याच्यावर ज्वारी येत नाही हे सरकारसुद्धा मान्य करतंय, तरी तो मोकळा नाही, मामांच्या नावावर आहे. नुसतं मामांच्या पण नाही, त्यांच्या दोन भावांच्या आणि एका बहिणीच्या, म्हणजे आमच्या आईच्या. आणि हीच गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. तुम्ही रस्त्यात भेटलेल्या एका भावाला विचारलं, त्यानं "जा की" म्हटलं, तुम्ही खुश. संध्याकाळी दुसरा भाऊ विचारतो, "तू कोण परवानगी देणारा?" तुम्ही गाडीत बसून गेलेले असता आणि इथं भावकीत जुनं सगळं उकरून निघतं. म्हणून आधी गट नंबर बघा, मोबाईलवर सरकारच्या महाभूलेख साइटवर सातबारा फुकट दिसतो, महाभूनकाशा साइटवर नकाशासुद्धा दिसतो, नावं किती आहेत ते कळतं. सरपंचाचं पत्र घेऊन येणारे पण बघितलेत मी. अहो, ग्रामपंचायत गावठाणाचं बोलू शकते, मामांच्या गटाचं सरपंच कसं काय बोलणार?

वर अजून एक भानगड असते. कड्याच्या पायथ्याला खाजगी रान आणि माथ्यावर फॉरेस्ट, असं आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी आहे. गौताळ्याच्या अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याची परवानगी लागते, मग मामांनी चहा पाजला काय नि जेवू घातलं काय. आणि देवगिरीसारख्या संरक्षित किल्ल्याच्या कातळाकडे तर या कामासाठी बघूच नका, तिथं 1958 चा पुरातत्त्वाचा कायदा आहे, नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. नाव कोरायची हौस आपल्याकडे जुनी आहे म्हणा. अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात 1819 साली शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ आपलं नाव नि तारीख चित्रावरच खरवडून गेला, 28 एप्रिल. जगाला लेणी दाखवली म्हणून त्याचं नाव सगळे घेतात, खरवडलं ते कुणी फारसं बोलत नाही.

बरं, आता पिकाचं. कडा चढायला चांगला सीझन कोणता? पावसाळ्यात खडक ओला, गवत माजलेलं, दगड निसटतात. एप्रिल-मेमध्ये दहा वाजता बसाल्टला हात लावा, चटका बसतो. म्हणजे उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि रानात त्याच वेळी काय असतं? कापसाची वेचणी चालू, तूर शेंगांवर, हरभरा घाट्यांत, शाळू हुरड्यात. वर्षात रान जेव्हा भरलेलं असतं नेमके तेव्हाच पाहुणे येतात. दहा जणांनी हरभऱ्यातून एकदा जाऊन एकदा आलं की पायवाट पडते, पुढच्या रविवारी दुसरे दहा त्याच वाटेनं, का तर वाट आहेच. ठिबकच्या नळीवर पाय पडला, कनेक्टर निघालं, मामांना कळतं तीन दिवसांनी, तोपर्यंत एक सरी वाळलेली असते. बांधावरून एकामागं एक चाला, वळसा पडतो पाच मिनिटांचा, एवढंच.

अजून एक, हे मी स्वतः चुकलेलो आहे. आम्ही एकदा शहाण्यासारखं परवानगी मागायला गेलो, पहाटे सहाला, दुसऱ्याच एका गावात. दार वाजवलं, माणूस डोळे लाल करून बाहेर आला, असं खेकसला की आम्ही मागं सरकलो. आम्हाला वाटलं तिरसट आहे. मग कळलं त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, बिचारा रात्रभर पाणी भरून पाचला अंग टाकलेलं. तेव्हापासून आदल्या दिवशी संध्याकाळी फोन, नाहीतर दिवस चांगला वर आल्यावर, आणि गाडी पाणंदीत आडवी लावायची नाही, मागून कापसाचा ट्रॅक्टर येतो.

काही गोष्टी मात्र तुम्हाला कुणी तोंडावर सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कड्याच्या खालचा मोठ्या दगडांचा आडोसा असतो ना, जिथं तुम्ही बॅगा टाकता, तिथं वेचणीच्या बाया आडोशाला जातात. दुसरीकडे कुठं जाणार, कापूस कमरेएवढा. तुम्ही आठ पोरं तिथं दिवसभर गाणी लावून बसलात, वरून ड्रोन घुमतोय, तर त्या बाया दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. मामी मला हे दोन वर्षांनी बोलली, ते पण आईमार्फत. गावातल्या पुरुषांना राग कशाचा आलाय हे धड सांगता येत नाही, मग ते "फोटो कामून काढू राहिले" म्हणून भांडण काढतात.

आणि मोहोळ. आग्यामोहोळ कड्याच्या पोटाला लटकलेलं असतं, काळपट, वाऱ्यानं हलल्यासारखं दिसतं पण हलत असतात त्या माश्या. चार वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात एका ग्रुपनं त्याच्यापासून वीसेक फुटांवर ड्रिल चालवलं. कोण होते ते सांगत नाही. माश्या उठल्या तसे ते दोरावरून सरसर खाली आले, पळाले, गाडीच्या काचा वर. खाली लिंबाला बैलजोडी बांधलेली. मी तेव्हा मामांकडेच होतो, मामा नि मी वाकळ पांघरून पळत गेलो, मामांच्या हातात विळा, कासरा कापला त्यांनी. एक बैल मोकळा सुटून नाल्याकडे गेला, दुसरा जागेवर बसला. तोंडावर, डोळ्यांच्या कडेला माश्या अशा चिकटलेल्या की पापणी दिसत नव्हती. रात्री डॉक्टर आले, सलाइन लावली, बैल वाचला पण एक डोळा गेला. त्या मालकानं वाटेवर बोराट्या टाकल्या, अजून आहेत. क्लाइंबिंगवाले म्हणतात तिथले लोक आडमुठे आहेत.

कायद्याचं विचारतात लोक. नुसतं चालत कुणाच्या रानातून गेलं की लगेच गुन्हा होत नाही. पण मालकानं निघा म्हटल्यावर तिथंच ठाण मांडून त्याला धमकावायला, अपमान करायला, त्रास द्यायला थांबलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम 329 आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्यातले थोडे वाचणारे लोक इंग्लंडचा दाखला देतात. तिथं 1932 साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर काही शे कामगार पोरं मुद्दाम घुसली, पाच जणांना जेल झाली, आणि पुढं 2000 साली मोकळ्या माळरानावर चालायचा हक्क कायद्यानं मिळाला. 2002 मध्ये तिथल्या ड्यूकनं, म्हणजे बड्या सरदार-जमीनदारानं, जाहीर माफीसुद्धा मागितली. छान गोष्ट आहे, मला पण आवडते. पण तो डोंगर ड्यूकचा होता हो, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. इथं साडेचार एकरात चार वारस आहेत, एक बोअर आहे नि बोअरला पाणी मार्चपर्यंत. मामा ड्यूक नाहीत. अमेरिकेचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, तिथं 1991 पासून अॅक्सेस फंड म्हणून क्लाइंबर लोकांचीच संस्था आहे, ती मालकांशी बसून बोलते, करार करते, वेळ पडली तर कड्याची जमीन विकत घ्यायला कर्ज देते. शिवाय फुकट फिरू देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी येऊ नये म्हणून तिथल्या राज्यांत कायदे आहेत.

ही जबाबदारीचीच भीती आपल्याकडे सगळ्यात मोठी आहे. मामांना तुमच्या चढण्याचं काही नाही, उलट ते खाटेवर बसून मजा बघतात. त्यांना भीती कशाची, तर कुणी पडलं तर पोलीस येणार, पंचनामा मामांच्या रानात, जबाब मामांचा, ऐन वेचणीत ठाण्याच्या चकरा, वर गावात बोभाटा. म्हणून आता आम्ही जातो तेव्हा एका कागदावर सगळ्यांची नावं, घरचे नंबर, स्वतःच्या जबाबदारीवर आलोय म्हणून सह्या, तो कागद मामांच्या घरी ठेवतो. कोर्टात तो किती टिकेल ते वकील जाणे, पण मामा तो गणपतीच्या फोटोमागं खोचतात आणि निवांत झोपतात.

आता थोडं गावातल्या मंडळींना, कारण रेडिओ तुमच्याकडेच जास्त लागतो. राग आला तर बोला, हाकलून द्या, गाडीचा नंबर घ्या. पण दोराला हात लावू नका. एकदा मी कड्याच्या मध्यात लटकलेलो आणि वर शेरडांमागचं दहा-अकरा वर्षांचं पोरगं झाडाला बांधलेल्या पट्टीची गाठ बघत बसलेलं. बोटानं चाचपत होतं, सोडत नव्हतं, नुसतं कुतूहल. मी खालून ओरडलो ते आठवून अजून हातापायाला घाम सुटतो. पोरांना सांगून ठेवा, वरच्या गाठीच्या टोकाला माणूस असतो. आणि टायरची हवा सोडणं वगैरे प्रकार, ते सोडा आता. पैसे मागायचे तर उघड मागा, माणशी पन्नास-शंभर, आधी सांगा, चढून खाली उतरल्यावर अडवून नको. देणाऱ्यांनी पण कुरकुर करू नये, दोनशे रुपयांची कॉफी पिणारा माणूस रानाच्या मालकाला शंभर देताना लूट-लूट म्हणतो, मला हे कधी पटलेलं नाही. फक्त पैसे घराच्या ओट्यावर द्या, सगळ्या भावांना दिसतील असे.

मामांच्या कड्याचं काय झालं? ती पोरं परत आली, मीच घेऊन गेलो. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "हे लोखंड कुणाला विचारून ठोकलं?" कुणाला उत्तर नव्हतं. मग अर्धा तास नुसतं हरभऱ्याचं बोलणं झालं, भाव काय, घाटेअळी किती. बाण तारेच्या ब्रशनं घासून काढले, दोन रविवार गेले त्यात, अजून एक पुसट दिसतो. एक बोल्ट म्हसोबाच्या दगडाच्या बरोबर वर होता, म्हणजे चढणाऱ्याचे पाय शेंदराच्या वर येत होते, तो काढला, भोक बुजवलं. बाकीचे राहिले. ठरलं ते एवढंच की शनिवारी संध्याकाळी मामांना फोन करायचा आणि मामा नाही म्हणाले तर नाही, कारण विचारायचं नाही. तरी मामा कारण सांगतातच. "उद्या फवारणी आहे." "पाहुणे येणारेत पोरीला बघायला, तुमची चड्डीवाली गँग नको." गेल्या महिन्यात म्हणाले, "उजव्या अंगाला मोहोळ बसलंय, माघानंतर बघू."

आमचा एक दोर यंदा बाद झाला. कड्याला घासून एका जागी साल निघाली की चढायला तो वापरायचा नसतो. साठ मीटरचा. मामांना दिला. ते विहिरीतली मोटर त्याच्यावर वर काढतात आता, गावातली दोन-तीन घरं मागून नेतात. परवा फोनवर सगळं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाले, "बापू, तो दुसरा निळा दोर आहे ना तुमचा, तो किती दिवसांनी खराब होईल?"