वर येण्यासाठी बुडणारे यंत्र

(दृश्य: जहाजाचा मागचा डेक. दोराने खाली सोडले जाणारे पिवळे नळकांडे.)

नळकांडे पाण्याला टेकते, दोर सुटतो आणि थोडा वेळ नुसती अँटेना लाटांवर डोलताना दिसते. हा आर्गो फ्लोट, समुद्राच्या पाण्याची मोजमापे घेणारे तरते यंत्र. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही; प्रवाह नेईल तिकडे तो जातो. स्वतःहून त्याला फक्त वरखाली होता येते, आणि ती किमया तळाशी बसवलेल्या रबरी पिशवीची आहे. आतले तेल पंपाने या पिशवीत ढकलले की वजन तेवढेच राहून आकारमान वाढते आणि फ्लोट वर येऊ लागतो. तेल परत आत घेतले की तो बुडतो. सुमारे १,००० मीटर खोलीवर तो नऊ-दहा दिवस वाहत राहतो, मग २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तेथून वर येताना, साधारण सहा तास, तापमान, क्षारता आणि दाब मोजत राहतो. वर आल्यावर सारी मोजमापे उपग्रहाकडे जातात. बर्फाळ समुद्रासाठी तयार केलेले फ्लोट तर याहून सावध असतात: वरच्या थरातले पाणी गोठणबिंदूजवळ आले आहे असे दिसताच डोक्यावर बर्फ असणार असे धरून ते मागे फिरतात, आणि नोंदी पुढच्या संधीपर्यंत जपून ठेवतात.

(दृश्य: पावसाळ्यातले गोव्यातल्या जुवारी नदीचे मुख.)

पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर पसरते, हे येथल्या मच्छीमाराला वेगळे सांगावे लागत नाही. ग्रीनलँड समुद्रातही प्रश्न पाण्याच्या वजनाचाच आहे. हिवाळी वाऱ्यांनी गारठलेले खारे पाणी जड होऊन खाली जाते, आणि उत्तरेकडच्या समुद्रांतले असे जड पाणी ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीतला, समुद्रतळावरचा ६०० मीटरहून खोल असलेला उंबरठा ओलांडून अटलांटिकच्या खोल भागात ओसंडते. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी वर झाकणासारखे बसले, तर हे बुडणेच अडते. हे सारे घडते ते भर हिवाळ्यात, जेव्हा जहाजे तेथे क्वचितच थांबतात; म्हणूनच तेथे फ्लोट कामाला येतात. १९८०च्या दशकापासून ग्रीनलँड समुद्रातले तळापर्यंतचे बुडणे मंदावले असून खोल पाणी हळूहळू उबदार होत आहे. त्याचे हवामानावर परिणाम होऊ शकतात.

(दृश्य: वास्को, हेडलँड सडा. संगणकाच्या पडद्यावरचा आलेख.)

राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र याच सड्यावर आहे. २००८ पासून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर असलेले हिमाद्री स्थानक याच केंद्राकडे आहे, आणि २०१४ मध्ये तेथल्या कोंग्सफिओर्ड या खाडीत, सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात, इंडआर्क ही वेधशाळा नांगरण्यात आली. नांगरलेले यंत्र एकाच जागेची सलग नोंद ठेवते, तर फ्लोट अनेक जागांची ठेवतो. एकाच्या खर्चासाठी दुसऱ्याला कात्री लावणे म्हणूनच परवडणारे नाही. जगभरातील सुमारे ४,००० फ्लोटच्या नोंदी साधारणतः चोवीस तासांत सर्वांसाठी खुल्या होतात, त्यामुळे येथे बसून त्या वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र चार-पाच वर्षांत बॅटरी संपते, फ्लोट सहसा परत आणला जात नाही, आणि आलेखातली रेघ पुढे चालू ठेवायची तर त्या भागात वेळेवर नवा फ्लोट सोडावा लागतो.

(दृश्य: पुन्हा डेक. दुसरे नळकांडे दोराला बांधले जात आहे.)