वाघबकरीचा पट आणि गणिताचा तास

शिक्षकमित्रांनो, कोकणात जुलैमधला खेळाचा तास मैदानावर होत नाही. त्या तासाला वर्गात वाघबकरी मांडा आणि मुलांना खेळी वहीत लिहायला लावा. लिहिलेली खेळी मागे जाऊन तपासता येते; खेळातून शिकणं घडतं ते तिथेच. नेपाळात ज्याला बाघचाल म्हणतात, तो 25 बिंदूंचा पट घेऊ.

पहिली गडबड आखणीतच होते. 40 सेंटिमीटरचा चौरस काढा. 10-10 सेंटिमीटरवर उभ्या पाच, आडव्या पाच रेघा, मग दोन मोठे कर्ण, शेवटी चारही बाजूंचे मध्य जोडून आत तिरका चौरस. मुलं उत्साहाने प्रत्येक लहान चौकोनात फुली मारतात. मग वाघ कुठूनही तिरका उडतो आणि बकऱ्यांचा टिकाव लागत नाही. प्रत्येक लहान चौकोनात तिरकी रेघ एकच हवी. पावसात फरशीला ओल सुटते, खडू उमटत नाही. म्हणून आंब्याच्या बॉक्सचा पुठ्ठा घ्या. वाघ म्हणून 4 काजूबिया, बकऱ्या म्हणून 20 चिंचोके.

वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकरीवाला दर खेळीला एक बकरी मांडतो, मग वाघ रेघेवरून एक बिंदू सरकतो किंवा उडी मारतो. उडी रेघेवरूनच, शेजारच्या एका बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या बिंदूवर. विसाच्या वीस मांडून होईपर्यंत बकरी हलवायची नाही. हा नियम मुलं हटकून विसरतात. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले, चारही वाघ कोंडले की बकऱ्या.

खेळ सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारा: मोकळ्या 21 बिंदूंपैकी किती ठिकाणी पहिली बकरी मांडताक्षणी मरेल? बरीच मुलं 8 म्हणतील, कारण तिरकी उडी नजरेतून सुटते. उभ्या रेघांना अ, आ, इ, ई, उ आणि आडव्यांना 1 ते 5 अशी नावं द्या. अ1 वरचा वाघ आ2 वरच्या बकरीवरून थेट इ3 वर जातो. प्रत्येक कोपऱ्याचे तीन शेजारी, म्हणून 12. उत्तर सांगू नका, चिंचोका ठेवून पाहू द्या. सातवीच्या वर्गाला पुढचं काम: प्रत्येक बिंदूतून किती वाटा निघतात ते मोजा. कोपऱ्यातून 3, मधल्या बिंदूतून 8. सगळ्यांची बेरीज 112 येते, पण पटावर वाटा 56 च आहेत. असं का, यावर वर्ग भांडू दे.

दोघांविरुद्ध दोघं बसवा. नाहीतर जोडीतला हुशार मुलगा एकटाच खेळतो आणि दुसरा चिंचोके मोजत बसतो. यावर उपाय साधा आहे: खेळी सुचवील त्याने सोंगटीला हात लावायचा नाही. दुसऱ्याला पटली तरच तो हलवील.

35 मिनिटांच्या तासात नियमांना 5, खेळाला 20 आणि बोलायला 10 ठेवा. ही शेवटची 10 मिनिटं खेळाच्या भरात खाल्ली जातात, ती मात्र सोडू नका. डाव अर्धा राहिला तर राहू दे, मांडणी वहीत आहेच. बोलताना हरलेल्या जोडीला आधी विचारा. "बकरी कधी मेली?" असं नको, "ती उघडी कधी पडली?" असं विचारा. चूक बहुतेक दोन-तीन खेळी आधीची निघते. वहीत बघून सोंगट्या त्या जागी परत ठेवा आणि तिथून दुसरी खेळी खेळायला सांगा.