वाघाशेजारची गाय

(दृश्य: कुरणात उभी पांढरीशुभ्र गाय. कान काळे, नाक काळं, डोळ्यांभोवती काळी कड.)

ही व्हाइट पार्क, ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या गुरांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील अशी धास्ती होती. तेव्हा या जातीची मोजकी जनावरं अटलांटिकपार धाडली गेली. का, तर इथलं सगळं गेलंच तर निदान बी तरी शिल्लक राहावं. ती पोहोचली थेट टोरोंटोच्या प्राणिसंग्रहालयात. त्यांची वासरं पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमध्ये गेली आणि तिथून टेक्सासच्या किंग रँच या गुरांच्या मोठ्या कुरणावर. एवढ्या प्रवासानंतर कुठे त्यांना गुरांसारखं मोकळं चरायला मिळालं.

झूमध्ये गाय! तिकीट काढून गाय कोण बघणार, असं वाटणं साहजिक आहे. पण १९०० ते १९७३ या काळात ब्रिटनमधल्या शेतावरच्या २६ देशी जाती नामशेष झाल्या. त्या कुणा शिकाऱ्याने मारल्या नाहीत. बाजार बदलला, एवढंच. लिंकनशर कर्ली कोट नावाचं एक डुक्कर होतं, अंगावर मेंढीसारखे कुरळे केस असलेलं. भरपूर चरबी हाच त्याचा गुण. लोकांना चरबी नकोशी झाली आणि १९७२ मध्ये ही जात संपली.

(दृश्य: व्हिप्सनेडची हिरवी टेकडी.)

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीचं व्हिप्सनेड हे मोकळं प्राणिसंग्रहालय १९३१ साली सुरू झालं. १९६० च्या दशकात तिथे दुर्मिळ गुरामेंढ्यांचा एक जिवंत साठा, म्हणजे ‘जीन बँक’, ठेवला गेला. पण झूचा मालक शेवटी प्रेक्षक. हत्ती-गेंड्यांच्या रांगेत मेंढ्याची काय पत्रास! तो साठा तिथे फार काळ राहिला नाही. त्यातली काही जनावरं ग्लॉस्टरशरमधल्या जो हेन्सन या शेतकऱ्याने आपल्या शेतावर आणली. १९७१ मध्ये त्याने ते शेत लोकांसाठी खुलं केलं, तिकीट लावून. तेच आजचं कॉट्सवोल्ड फार्म पार्क. वळूच्या पेंडीचा खर्च बघायला येणाऱ्यांच्या खिशातून निघू लागला. १९७३ मध्ये हेन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट, म्हणजे दुर्मिळ जाती जगवणारी संस्था, उभा केला, आणि त्या वर्षानंतर ब्रिटनमधली एकही देशी जात नामशेष झाल्याची नोंद नाही.

(दृश्य: ओहोटीचा खडकाळ किनारा. लाटांच्या कडेने शेवाळ ओरबाडणाऱ्या बुटक्या मेंढ्या.)

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या नॉर्थ रोनाल्डसे बेटाला १८३२ साली सभोवार दगडी गडगा घातला गेला. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड, सुमारे वीस किलोमीटर. आतली जमीन पिकांना आणि गाईंना, मेंढ्या गडग्याबाहेर. बाहेर म्हणजे नुसता किनारा. मग मेंढ्या समुद्री शेवाळ खायला शिकल्या. ओहोटी लागली की खाली उतरून चरायचं, भरती आली की वर बसून रवंथ करायचा. यांची घड्याळं दिवस-रात्रीवर चालत नाहीत, चंद्रावर चालतात. फक्त विण्याच्या दिवसांत माद्यांना आत गवतावर घेतात.

शेवाळात तांबं फार कमी असतं. त्यामुळे मिळेल तेवढं तांबं शोषून घ्यायची सवय या मेंढ्यांच्या शरीराला लागली. आता हीच मेंढी एखाद्या झूमध्ये आणून चांगलं हिरवं गवत आणि खुराक घाला. तांबं यकृतात साठत जातं आणि मेंढी मरू शकते. कौतुकाने घातलेला चारा असा विष ठरतो.

म्हणून ट्रस्टने १९७४ मध्ये ऑर्कनीतलंच लिंगा होम हे दुसरं बेट विकत घेऊन तिथे वेगळा कळप सोडला. एक रोग आला, एक तेलगळती झाली, तर सगळं एकदम जायला नको. ही भीती फुकाची नव्हती. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकत पसरली आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. उत्तर इंग्लंडच्या कंब्रियातल्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांना मोठा फटका बसला. अनेक प्राणिसंग्रहालयांनी दारं बंद केली. त्यानंतर गोठवलेलं वीर्य आणि भ्रूण साठवण्याच्या कामाला जोर आला.

आता नरांचं काय करायचं, हा झूवाल्यांना अवघड जाणारा प्रश्न. कोकरांत निम्मे नर. पैदाशीला लागतात दोन-चार, तेही बाहेरून आणलेले, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत सगळा कळप एकमेकांचा भाऊबंद होतो. उरलेल्या नरांचं करायचं काय? शेतकऱ्याला उत्तर माहीत असतं. कोकराला नाव ठेवून गेलेल्या शाळकरी पोरांना ते सांगणं झूला जमत नाही. माझ्या मते झू हा या जनावरांचा धर्मशाळेतला मुक्काम आहे. चार रात्री काढायला ठीक, संसार तिथे होत नाही. कामाला लागलं, विकलं गेलं, तरच जनावर दावणीला राहतं. खिलार पाळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: खाटकाच्या दुकानाची काच.)

ट्रस्टनेही १९९४ मध्ये दुर्मिळ जातींचं मांस विकण्याची योजना काढली. ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स हे ठिपक्यांचं डुक्कर. पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या या डुकराच्या मांसाला २०१० मध्ये युरोपीय संघाने खास संरक्षित दर्जा दिला. फार्म पार्कात पोरं कुंपणावरून बघतात ते हेच डुक्कर. खाटकाकडे त्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून शेतकरी ते पाळतो.