नॉब फिरतोय का?

(पडद्यावर: कॅमेऱ्याची वरची बाजू, जवळून. अंगठा फिल्म पुढे नेणारी लिव्हर ओढतो, फोटो मोजणारा आकडा सरकतो.)

बावीस... तेवीस... चोवीस. शटरचा आवाज अगदी खणखणीत. आत फिल्म मात्र जागची हललेली नाही.

मॅन्युअल कॅमेऱ्याचा हा जुना दगा. बहुतेक कॅमेऱ्यांत आकड्याची चकती लिव्हरच्या यंत्रणेला जोडलेली असते. फिल्म सरकली की नाही, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. कॅमेरा रिकामा असला तरी ती मोजतच राहते. भरवसा ठेवायचा तो दुसऱ्या टोकाच्या, फिल्म परत गुंडाळायच्या रिवाइंड नॉबवर.

(पडद्यावर: मागचं झाकण उघडतं.)

रोल सावलीत भरायचा. डावीकडे कॅसेटची, म्हणजे फिल्मच्या डबीची जागा, उजवीकडे फिल्म गुंडाळून घेणारा स्पूल, आणि मधे शटरचा पडदा. कापडी असो वा धातूचा, त्याला बोट लावायचं नाही, पुसायलासुद्धा नाही.

ही ३५ मिलिमीटरची कॅसेट कोडॅकने १९३४ साली बाजारात आणली. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, दर फोटोमागे एकेका कडेला आठ. ती दातेरी चाकाच्या दातांत नीट बसली, तरच फिल्म पुढे जाते.

कॅसेट बसवा, नॉब खाली दाबा, फिल्मची निमुळती जीभ ओढून स्पूलच्या खाचेत घाला. सगळा घोळ होतो तो इथेच. टोक खाचेत नुसतं टेकलेलं असेल, तर पहिल्याच झटक्याला निसटतं. म्हणून झाकण उघडं ठेवूनच लिव्हर ओढायची. जिभेचा अरुंद भाग संपून वरची आणि खालची, दोन्हीकडची भोकं दातांवर चढलेली दिसली पाहिजेत. स्पूलभोवती एक पूर्ण वेढाही बसू द्या. यात थोडी फिल्म उजेडात जाते, ती जाऊ द्या. रोलमधून सदतिसावा फोटो काढायच्या हौसेने काही जण इथे काटकसर करतात आणि छत्तीसच्या छत्तीस घालवून बसतात.

(पडद्यावर: झाकण मिटतं. बोटं रिवाइंड नॉबवर.)

आता नॉबची दुमडलेली दांडी उघडून बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवा. ताण लागला की थांबा. जोर केलात तर बसवलेलं टोक स्पूलमधून बाहेर यायचं. कॅसेटमधली ढिली फिल्म अशी आवळून घेतली नाही, तर भरणी बिनचूक असूनही पहिल्या एक-दोन फोटोंना नॉब हलत नाही, आणि उगाच शंका येते.

मग लिव्हर ओढा, पण नजर आकड्यावर नको, नॉबवर ठेवा. त्याच्या खालचा काटा कॅसेटच्या दांड्यात अडकलेला असतो. कॅसेटमधून फिल्म बाहेर निघाली की नॉब बाणाच्या उलट्या दिशेने फिरणारच. दोन कोरे क्लिक करून आकडा एकवर आणा. दोन्ही वेळा नॉब फिरला? मग खुशाल फोटो काढा.

मिनोल्टाच्या काही कॅमेऱ्यांत रोल भरल्याची खूण म्हणून छोट्या खिडकीत लाल पट्टी दिसायची. सोय चांगली, पण नॉब बघायची सवय कुठल्याही कॅमेऱ्यावर कामी येते. १९२५ पासूनच्या जुन्या लायका कॅमेऱ्यांत तर मागचं झाकणच नव्हतं. रोल खालून सरकवायचा, आत काय चाललंय ते दिसायचं नाही. तिथेही नॉबच बघायचा.

(पडद्यावर: आकडा ४० वर.)

रोल छत्तीसचा आणि आकडा चाळीस? झाकण उघडू नका. तळाचं रिवाइंडचं बटण न दाबता नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. थोड्या ढिलाईनंतर ताण लागला, तर फिल्म स्पूलवर आहे. कॅसेटमध्ये जरा जास्त फिल्म असते, तेव्हा रोल पूर्ण होईपर्यंत वाट पाहा. मात्र लिव्हर अडली तर ओढाताण करू नका. नॉब नुसताच गरगर फिरत राहिला, तर टोक बहुधा सुटलंय. तेव्हा फिरवणं लगेच थांबवा, नाहीतर जीभही कॅसेटमध्ये ओढली जाईल. अंधाऱ्या जागी झाकण उघडा. फोटो आलेले नसतात, पण रोल कोरा असतो. तोच पुन्हा भरायचा.