नऊ पोरं, सात भाषा

मित्रहो, 'अलामत' हा फिलिपिन्समधल्या पोरांचा पॉप गट, हा विषय जाहीर झाल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातायत. पहिला, सर, तुमचं वय काय? दुसरा, हे 'अलामत' कोण?

दुसऱ्याचं उत्तर देतो. इथे गझल लिहिणारे चारपाचजण तरी असतील. त्यांना काफियातली, म्हणजे यमकातली, न बदलणाऱ्या स्वराची अलामत ठाऊक आहे, ती सुटली की शेर पडतो. मूळ अरबी शब्द, अर्थ खूण. तोच समुद्रमार्गे फिलिपिन्सला गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला दंतकथा. आपले शब्दही गेलेत बरं का! तिथल्या मुख्य भाषेत, तगालोगमध्ये, चेहऱ्याला मुखा म्हणतात आणि मास्तरला गुरो. या पोरांचं 'महारानी' नावाचं एक गाणंसुद्धा आहे. गुरो मंडळींनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

तर १४ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे ऐन कोविडात, 'अलामत' हा नऊ मुलांचा गट 'क्बाय' हे गाणं घेऊन आला. एसबी१९ या तिथल्याच मुलांच्या गटानं २०१९ मध्ये 'गो अप' गाजवून वाट मोकळी केलीच होती. पण या नऊजणांची निवडच निराळी. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळ्या बोलींचे. जाओची बोली कापाम्पांगन, तोमासची बिकोलानो, आर-जीची वराय. एका गाण्यात सात भाषा! ज्या देशात पावणेदोनशेच्या आसपास भाषा आहेत आणि बहुतेक गाणी तगालोग नाहीतर इंग्रजीत होतात, तिथे हे.

आता माझं दुखणं सांगतो. दोनच मिनिटं. (घड्याळ बघू नका, अध्यक्षमहाराज.) काही वर्षांपूर्वी 'बोलींचा जागर' अशा थाटाच्या एका कार्यक्रमाला मी परीक्षक होतो. अहिराणीच्या प्रवेशात एक मुलगा डोक्याला फेटा बांधून असा काही हेल काढत होता, की मला वाटलं बिचाऱ्याचा दात दुखतोय. नंतर विचारलं, बाळा, गाव कुठलं? म्हणाला, कोथरूड. असू दे, कोथरूडकरांनाही बोली आवडाव्यात. पण मी विंगेत चहा प्यायला गेलो, तर पडदा ओढणारी मुलगी फोनवर आईला विचारत होती, "काय करी राहिनी माय?" खणखणीत! शिरपूरची. मी संयोजकांना म्हटलं, अहो, ही पडद्यामागे का? तर म्हणाले, "सर, तिची प्रमाणभाषा जरा कच्ची आहे."

हसताय? मी त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलो. अजूनही अहिराणीचा विषय निघाला की मला आधी तो पडदा आठवतो. 'अलामत'वाल्यांनी काय केलं, तर पडदा ओढणारीलाच माईक दिला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत पळत.

नऊ होते, पहिल्याच वर्षात गामी आणि किन गेले. पुढे वाल्फरही गेला. राहिले सहा. बाकीच्या गटांत माणूस गेला की नाचाची रांग बदलते, चाहते रडतात, झालं. इथे माणूस म्हणजे नकाशाचा तुकडा. मग तो गेला की त्याची भाषा गेली का? माझं म्हणणं, सुरुवातीला तसा धोका होताच. एका बोलीचा भार एकाच पोराच्या खांद्यावर, ही रचना मुळात कच्ची. पण त्यांनी 'पोर्के' हे गाणं काढलं आणि त्यात चाबाकानो आणली, झांबोआंगाकडची स्पॅनिश-मिश्रित भाषा. 'क्बाय'च्या सातांत ती नव्हती. म्हणजे भाषा आता माणसाबरोबर येत नाही, गाण्याबरोबर येते, आणि सगळ्यांनी ती शिकायची. कोथरूडच्या पोरानंसुद्धा. फक्त हेल काढण्याआधी त्यानं शिरपूरच्या पोरीसमोर बसायचं.

आणि याच देशानं २०२४ मध्ये कायदा करून पहिल्या इयत्तांमधली मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती काढून टाकली. वर्गातून बोली बाहेर जातेय आणि तीच बोली ही सहा पोरं स्टेजवर नाचवतायत. यावर बोलायचं होतं खरं तर, पण... हो हो, थांबतो. 'क्बाय' लावा आधी. तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मघापासून ठेका धरलाय.